ओतकामाच्या कारखान्यात कोऱ्या डेनिमची जीन्स : वापर आणि धुलाईच्या नोंदी

७ एप्रिल २०२४

बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकामाच्या कारखान्यात मी मोल्डिंग विभागाची, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामाची, देखरेख करतो. वाळू, कोळशाची पूड, बेंटोनाइट माती, यंत्राचे तेल आणि घाम ही तिथली रोजची सोबत आहे. आजवर मी बाजारातील ताणली जाणारी जीन्स कामावर वापरत आलो. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासण्याच्या, ग्राइंडरची ठिणगी पडली की त्या कापडातील कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक ठिपका होतो, आणि जानेवारीत असाच एक ठिपका माझ्या नडगीला चिकटला, तेव्हाच पुढची जीन्स शंभर टक्के सुती घ्यायची हे ठरले. सुती कापड जळते, पण वितळून कातडीला चिकटत नाही.

सुती जीन्स शोधताना कोऱ्या डेनिमची माहिती मिळाली. कोरे म्हणजे मागावरून उतरल्यावर न धुतलेले, खळ तशीच असलेले कापड. बल्लारी हे आमच्याच कर्नाटकातील जीन्सशिवणीचे मोठे केंद्र आहे, पण माझ्या पाहण्यात आलेला तिथला माल धुऊन, रंग उडवून आणि बहुधा ताणला जाणारा धागा घालून आलेला होता. म्हणून चौरस वाराला १४ औंस वजनाच्या कापडाची कोरी जीन्स ४,२०० रुपयांना मागवली. माझ्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे, म्हणूनच या नोंदी ठेवत आहे. भट्टीजवळ, गॅरेजमध्ये किंवा लेथवर काम करणाऱ्या कोणाला हाच प्रयोग करायचा असेल, तर माझ्या चुका त्याला पुन्हा कराव्या लागू नयेत.

आज पहिली भिजवण केली. जीन्स उलटी करून, साबण न घालता, कोमट पाण्यात ४० मिनिटे ठेवली. पाणी निळसर पिवळे आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागणारे झाले. वडगावात आमच्या शेजारी यंत्रमागावर साड्या विणणारे काका आहेत. त्यांनी पाण्यात बोट बुडवले आणि लगेच सांगितले, "ही ताण्याची खळ सुटली. ताणा रंगवलाय, बाणा पांढराच हाय, उलटी बाजू बघ." ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे. भिजवण्याआधी आतली लांबी ३५ इंच होती, वाळल्यावर ती ३४¼ इंच भरली. कंबर ३४½ वरून ३३¾ इंचांवर आली. हे कापड गिरणीतच आटवलेले असल्याने आटणे एवढ्यावर थांबले. न आटवलेले कापड ७ ते १० टक्के आटते, त्यामुळे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

एक चूक झाली. जीन्स गच्चीवरील लोखंडी तारेवर वाळत घातली आणि मांडीवर गंजाची आडवी रेघ उमटली. वाळत घालायला नायलॉनची दोरी वापरावी.

२१ एप्रिल

दोन आठवडे झाले. पहिले चार दिवस गुडघे वाकवून साच्याच्या पेटीपाशी बसणे अवघड गेले, कारण कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. पाचव्या दिवसापासून गुडघ्यामागे घड्या पडल्या आणि चालणे सुकर झाले.

रंग मात्र सगळीकडे लागतो. स्कूटरच्या पांढऱ्या सीटवर, कार्यालयाच्या चुन्याच्या भिंतीवर आणि पांढऱ्या शर्टाच्या आत खोचलेल्या भागावर निळ्या छटा आल्या आहेत. सीटचा डाग ओल्या फडक्याने आणि थोड्या साबणाने निघाला, शर्टाचा निघाला नाही. पहिला महिनाभर या जीन्सवर गडद रंगाचेच शर्ट घालावेत.

२५ एप्रिल

आज अपघात झाला. तो थोडक्यात निभावला असला तरी या सगळ्या नोंदींत मला हीच नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते.

जीन्स लांबीला जास्त असल्याने मी खालचे टोक दोनदा दुमडून बाहेरून पट्टी केली होती. कोरी डेनिम वापरणारे बरेच लोक कडेची विणलेली किनार दिसावी म्हणून अशीच पट्टी ठेवतात, आणि मलाही ती आवडली होती. दुपारच्या ओतकामाच्या वेळी मी फक्त पाहायला उभा होतो, म्हणून पायावरचे चामडी संरक्षक बांधले नव्हते. लेडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात रस ओतताना एक पेटी ओलसर राहिल्याने रस उसळला आणि त्याचा थेंब माझ्या उजव्या पायाच्या दुमडीत जाऊन बसला. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतताना साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. सरळ कापडावरून तो थेंब घरंगळून खाली पडला असता, पण दुमडीने त्याला वाटीसारखे धरून ठेवले. कापडाचे तीन थर आणि मोजा जळून घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड आला. पाय लगेच वाहत्या पाण्याखाली धरला आणि मग दवाखान्यात जाऊन आलो.

आमच्याकडे तीस वर्षे मोल्डिंग करणारे मामा आहेत. ते म्हणाले, "आमच्या डांगरीला खाली दुमड कधीच नव्हती. कशाला ठेवली?" डांगरी म्हणजे कामगारांचा जाड सुती पोशाख. हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून आला आणि तिथून इंग्रजीतही गेला. त्या कपड्याला दुमड का नसायची हे मला आज पाय भाजल्यावर समजले.

२८ एप्रिल

शहापुरातील एका शिंप्याकडे जीन्स नेली. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिले आणि विचारले, "अहो, ही प्यांट हाय का ताडपत्री?" यंत्राला १६ नंबरची सुई होती, ती बाजूच्या शिवणीच्या जाड जोडावर पहिल्याच फेरीत मोडली. मग १८ नंबरची सुई आणि जाड दोरा लावून, जोडावर आधी हातोडीने ठोकून, त्यांनी चाक हाताने फिरवत तेवढा भाग शिवला. आतली लांबी ३०½ इंच ठेवली. अर्धा इंच पुढच्या धुलाईतील आटण्यासाठी राखला आहे. खर्च ८० रुपये आणि मोडलेल्या सुईचे १० रुपये.

कापलेले दोन्ही तुकडे मागून घेतले. त्यांतील एकावर जळल्याचे भोक आहे, पण उरलेले कापड याच जीन्सचे असल्याने पुढे ठिगळासाठी उपयोगी पडेल.

आता जीन्स सरळ बुटावर पडते आणि ओतकामाच्या वेळी त्यावर चामडी संरक्षक असतातच. जाड डेनिम हे त्या संरक्षकांना पर्याय नाही, हे नव्या मुलांना मी स्वतः सांगत आहे.

१२ मे

पाळी सुटली की कंप्रेसरच्या नळीने कपड्यांवर हवा मारून धूळ उडवायची ही आमच्या कारखान्यातील जुनी सवय आहे, आणि मीही महिनाभर तेच करत होतो. ते आता बंद केले. त्याची दोन कारणे आहेत, आणि दुसरे कारण पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

पहिले कारण कापडाचे आहे. हवेच्या दाबाने वरची धूळ उडते, पण बारीक कण विणीच्या आत ढकलले जातात. खिशाच्या कडेला भिंग धरून पाहिले तेव्हा तिरक्या विणीच्या प्रत्येक खाचेत काळी पूड ठासलेली दिसली.

दुसरे कारण फुफ्फुसाचे आहे. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. तापून, ठोकून आणि नॉकआऊटमध्ये, म्हणजे साचा फोडून माल काढताना, फुटून तिचे जे अतिशय बारीक कण होतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत आणि श्वासावाटे खोलवर जातात. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. दाबाच्या हवेने कपडे झाडणे म्हणजे ते कण आपल्याच नाकासमोर उडवणे होय. तीच जीन्स घरी आणून अंगणात झटकली, तर आई आणि मुलांच्या श्वासात तीच धूळ जाते. गेल्या महिन्यात आईला दोन-तीनदा ठसका लागला तेव्हा मी तिकडे लक्ष दिले नाही, याचे मला वाईट वाटते.

आता कामाची जीन्स कारखान्यातच बदलतो. ती न झटकता, पाणी शिंपडून ओली करतो, मऊ ब्रशने वरून खाली पुसतो आणि जाड पिशवीत बांधून घरी आणतो. यात रोज सात-आठ मिनिटे जातात.

२६ मे

कोरी डेनिम सहा महिने धुऊ नये, म्हणजे अंगाच्या घड्यांप्रमाणे त्यावर ठळक छटा उमटतात, असे सगळीकडे वाचायला मिळते. मीही सहा महिने न धुण्याचे ठरवले होते. आज सातव्या आठवड्यात तो विचार सोडला.

मांड्यांच्या मधल्या जोडाजवळ आणि मागच्या खिशाच्या तोंडाशी धागे पांढरे पडलेले दिसले. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरापुरताच बसतो आणि धाग्याचा गाभा पांढरा राहतो. घर्षणाने वरचा थर गेला की गाभा दिसतो, आणि डेनिमच्या छटा तयार होतात त्या यामुळेच. पण भिंगातून पाहिल्यावर लक्षात आले की इथे धागा नुसता पांढरा झालेला नाही, तर काही ठिकाणी कातरला गेला आहे. वाळूच्या कणाला धार असते. घामाने ओल्या झालेल्या जोडात ती अडकली आणि प्रत्येक पावलाला दोन्ही मांड्यांमध्ये घासली गेली, तर ती कानसेचेच काम करते. सहा महिन्यांचा नियम खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी ठीक असेल. वाळूत काम करणाऱ्याची जीन्स न धुतल्यानेच लवकर फाटेल, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली धुलाई अशी केली. आधी साध्या गार पाण्यात २० मिनिटे भिजवून, हाताने न चोळता, नुसती वरखाली बुडवून काढली. बादलीच्या तळाला चमचाभर काळी वाळू बसली. हे पाणी दोनदा बदलले आणि तिसऱ्या पाण्यात सौम्य द्रव साबणाचे एक टोपण घातले. पावडर मुद्दाम टाळली, कारण पांढरेपणा आणणारी रसायने असलेल्या पावडरीने निळा रंग फिका पडतो. मे महिन्यात आमच्या गल्लीत राकसकोप धरणाचे नळाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे शेवटची खळबळ बोअरच्या पाण्यात करावी लागली. त्या जड पाण्यात साबणाचा थर कापडावर राहिला आणि वाळल्यावर राखाडी पट्टे दिसले. नळाचे पाणी आल्यावर पुन्हा खळबळून काढले तेव्हा ते गेले. या सगळ्यात रविवारचा अर्धा दिवस गेला, पण कापड मऊ झाले आणि जोडातील वाळू निघाली. लांबी पाव इंच आटली.

२३ जून

पाऊस लागला आणि सगळे गणित बदलले. १४ औंसाची ओली जीन्स या हवेत तीन दिवस वाळत नाही, आणि न वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो. म्हणून दुसऱ्या धुलाईनंतर ती यंत्राच्या पिळणाऱ्या भांड्यात टाकली. घडी पडलेल्या अवस्थेत पिळली गेल्याने मांडीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उठल्या आणि त्या आता जाणार नाहीत. पिळायचीच असेल तर आधी मोठ्या पंच्यात सरळ गुंडाळून हाताने दाबावी. त्यानंतर कंबर खाली आणि पाय वर करून पंख्याखाली टांगल्यास ती दीड दिवसात वाळते, कारण कंबरेकडचे जाड भाग खाली राहून त्यांच्या वजनाने घड्या सरळ होतात.

दुसरी चूक याहून मोठी आहे. घाम, ओलावा आणि बिडाची पूड एकत्र आल्याने डाव्या गुडघ्यावर आणि उजव्या खिशाखाली तांबूस गंजाचे डाग पडले. गुडघ्याच्या डागावर मी पांढऱ्या कपड्यांचे ब्लीच कापसाने लावले. डाग गेला नाहीच, उलट अधिक तपकिरी झाला आणि त्याभोवतीची निळी पूर्ण उडून बशीएवढा पांढरा धब्बा उरला.

७ जुलै

खिशाखालच्या डागावर लिंबू आणि मीठ वापरून पाहिले. लिंबाचा रस डागावर पिळून, वर बारीक मीठ घालून, दोन तास ओला ठेवला आणि मग भरपूर पाण्याने धुतला. निम्मा डाग गेला. दुसऱ्यांदा रसाऐवजी किराणा दुकानातील लिंबूसत्व घेतले. एक चमचा सत्व पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने लावले आणि पाऊण तासाने धुतले. डाग जवळजवळ दिसेनासा झाला आणि निळा रंग टिकून राहिला. एप्रिलमधील तारेची रेघही याच उपायाने गेली. ५० ग्रॅमच्या पुडीचे २५ रुपये पडले. सत्व कापडात राहू देऊ नये, नाहीतर सुती धागा कमजोर होतो, म्हणून तीन पाण्यांत खळबळावे.

ब्लीच लावलेला गुडघा मात्र आज वाकताना फाटला. गंजातील लोखंड आणि ब्लीच एकत्र आले की सुती धागा फार वेगाने कुजतो, हे मला आधी माहीत असायला हवे होते. ज्या जागी लोखंडाची पूड बसलेली आहे तिथे ब्लीच अजिबात लावू नये.

४ ऑगस्ट

मोल्डिंग यंत्राची हायड्रॉलिक नळी गळाली आणि डाव्या मांडीवर तेल सांडले. आमच्या विभागातील एका मुलाने प्रेमाने सल्ला दिला की डिझेलने पुसा, लगेच निघेल. तेलाचे हात आणि कपडे डिझेलने धुणारे बरेच जण आहेत, आणि तेल त्याने निघते हे खरे आहे. परंतु डिझेल मुरलेली जीन्स घालून भट्टीसमोर उभे राहणे म्हणजे पायाला वात बांधून घेणे आहे. त्या मुलालाही मी समजावले आणि त्याची डिझेलने पुसलेली विजार त्याच दिवशी बदलायला लावली.

माझ्या डागावर खडूची पूड दाबून रात्रभर ठेवली, सकाळी ती ओल्या फडक्याने टिपून काढली आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब बोटाने हलकेच जिरवून धुतले. असे दोनदा करावे लागले. तिथली निळी किंचित उतरली, पण डाग गेला.

१५ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत आईने जीन्स स्वतःहून मागून घेतली आणि रिठ्याच्या पाण्यात धुतली. तिच्या रेशमी साड्या ती वर्षानुवर्षे अशाच धुते. १५ रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवून सकाळी उकळले आणि गाळलेले पाणी गार झाल्यावर त्यात जीन्स अर्धा तास ठेवली. घामाचा वास पूर्ण गेला, पाण्यात रंग फारच थोडा उतरला आणि कापडाला जो मऊपणा आला तो द्रव साबणाने कधी आला नव्हता. तेलावर मात्र रिठ्याचा उपयोग होत नाही. तेव्हा तेल पडले असेल तर आधी डागापुरता साबण, आणि एरवी रिठा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. अर्थात ती धुण्याआधी धूळ आणि वाळू काढण्याचे काम मी कारखान्यातच उरकून आणतो.

१० ऑक्टोबर

खंडेनवमीच्या पूजेसाठी कारखाना धुऊन काढताना वाळूच्या ढिगावर चढलो आणि मांड्यांमधल्या जोडापाशी जीन्स चार बोटे फाटली. शिवण शाबूत आहे, कापड तिच्याशेजारी विरले आहे. मे महिन्यात कातरलेले धागे जिथे दिसले होते, बरोबर त्याच जागी ते गेले. पहिल्या सात आठवड्यांत धुलाई केली असती तर हे वर्षभर पुढे गेले असते असे मला वाटते.

२७ ऑक्टोबर

खडेबाजारातील एका रफूवाल्यांकडून दुरुस्ती करून आणली. एप्रिलमध्ये जपून ठेवलेला कापलेला तुकडा आज उपयोगी पडला. त्यांनी तो आतून लावला आणि ताण्याच्या दिशेने निळ्या दोऱ्याच्या जवळजवळ ओळी घातल्या. त्यांचे म्हणणे असे की ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी किमान एक इंच मोठे हवे, नाहीतर ते निरोगी कापडाला ओढून त्याच्याच कडेने नवे भोक पाडते. गुडघ्यालाही दुसऱ्या तुकड्यातील जळका भाग टाळून आतून जोड दिला. दोन्हींचे मिळून ३५० रुपये झाले आणि पाच दिवस लागले. दुरुस्तीला देण्याआधी जीन्स धुऊन द्यावी, असे त्यांनी आवर्जून सांगितले, कारण धुळीच्या कापडाने त्यांची सुई बोथट होते आणि धूळ त्यांच्या नाकात जाते. मी धुऊन नेली होती.

१० नोव्हेंबर

सात महिन्यांत आठवड्यातून चार दिवस याप्रमाणे ही जीन्स सुमारे १२० दिवस अंगावर होती. खरेदीचे ४,२०० रुपये सोडून लांबी कमी करणे, सुई, लिंबूसत्व, साबण आणि रफू यांवर ६२० रुपये गेले. सध्या दर दहा पाळ्यांनंतर धुतो, आणि जोरात घाम आला असेल तर त्याआधीही. मांडीवरच्या छटा सहा महिने न धुणाऱ्यांसारख्या ठळक नाहीत, पण रफूजवळचे कापड दोन धुलाया होऊनही घट्ट आहे, आणि मला तेच हवे होते.

फेटलिंगवरील दोघांनी जीन्स हातात घेऊन पाहिली आणि त्यांना तशीच मागवायची आहे. त्यांच्यासाठी आज मापे घेतली. दोघांनाही ती भिजवून, वाळवून, मग लांबी कमी करून घ्यायला सांगितले आहे, आणि शिंप्याकडे १८ नंबरच्या दोन सुया आधीच देऊन ठेवल्या आहेत.